ते पानी कथा जाई?

आमच्या सोसायटीच्या आवारात पावसाच्या पाण्याचे तीन चेंबर आहेत, हे मला तिथं राहायला येऊन नऊ वर्षं झाल्यावर कळलं. तेही मंत्री झाले म्हणून. सुरतेत सोसायटीच्या अध्यक्षाला प्रमुख म्हणतात आणि सेक्रेटरीला मंत्री. महापालिकेच्या मराठी शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवून मी निवृत्त झाले आणि गोडादऱ्यातल्या आमच्या सोसायटीनं हे काम माझ्याकडे दिलं. जुन्या फायली चाळताना पार्किंगचा एक नकाशा हाती लागला. त्यावर तीन छोटे चौकोन काढलेले होते, एकाच्या शेजारी एक गोल. गोल म्हणजे रिचार्ज बोअर, म्हणजे गच्चीवरचं पाणी जमिनीत मुरवायची विहीर.

पहिला चेंबर दोन बंद पडलेल्या मोपेडखाली निघाला. दुसऱ्यावर तुळशीच्या कुंड्या होत्या. तिसरा बी विंगच्या मागे, त्याच्यावर कुणीतरी चक्क फरशी बसवून टाकलेली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे गावी पांगायच्या आधी, उन्हाळ्यातल्या एका सकाळी, आम्ही पहिलं झाकण काढलं. पहार घालून चार जणांनी उचललं तेव्हा कुठं ते हललं. आत पाणी नव्हतं. खडीच्या वर वीतभर काळा थर होता, वाळून भेगा पडलेला, आणि त्याच्यात धागे. पिवळे, गुलाबी, चमकीचे. आमच्याकडे निम्म्या घरांतल्या बायका दुपारी साड्यांना लेस लावतात, धागा कटिंग करतात, खडे चिकटवतात. उरलेली चिंधी झाडून जिन्यात, जिन्यातून पार्किंगमध्ये, आणि पहिल्या पावसात पार्किंगमधून जाळीवर. धागा एकदा जाळीला अडकला की तो सुटत नाही. त्याच्यावर पान अडकतं, पानावर गुटख्याची पुडी, पुडीवर माती. त्यात कुणाच्या घरी टाइल्सचं काम निघालं की सिमेंटचं पाणी बिनदिक्कत तिकडेच सोडलेलं असतं. त्या थराची एक ढेप मी हातात घेतली तर ती कुंभाराच्या मातीसारखी घट्ट होती. तिच्यातून पाण्याचा थेंब खाली जाणं शक्य नव्हतं. म्हणजे कितीतरी पावसाळे आमच्या गच्चीचं सगळं पाणी फाटकातून रस्त्यावर जात होतं, आणि आम्ही सगळे महापालिकेच्या नावानं बोटं मोडत होतो.

मिटिंगमध्ये विषय काढला तर पहिलं उत्तर आलं, "ए तो कॉर्पोरेशननुं काम छे, बेन." दुसरं उत्तर मराठीत होतं, अर्थ तोच. "मॅडम, आपण वेरा भरतो ना?" वेरा म्हणजे घरपट्टी. ती आम्ही भरतो, वेळेवर भरतो. पण त्या पैशात रस्त्यावरची पावसाळी लाइन येते, खाडीची सफाई येते, पंप येतात. फाटकाच्या आतला चेंबर येत नाही.

हे कायद्यातही स्पष्ट आहे, आणि तो कायदा आपल्या मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे. सुरत महापालिका चालते ती जुन्या मुंबई राज्याच्या १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका अधिनियमावर. राज्यं वेगळी झाली तरी दोन्हीकडे तोच कायदा नावं बदलून राहिला. धुळ्याची आणि जळगावची महापालिकाही त्याच मुळाची. खाजगी आवारातल्या गटारी, जाळ्या, चेंबर चांगल्या स्थितीत ठेवणं हे मालकाचं काम. त्यानं ते केलं नाही तर आयुक्त नोटीस देऊ शकतात, काम करून घेऊन खर्च वसूलही करू शकतात. आता फ्लॅटच्या सोसायटीत मालक कोण? आपण सगळे मिळून. आपल्यापैकी प्रत्येकाला आपल्या चार भिंती आपल्या वाटतात, भिंतीबाहेरचं सगळं सरकारचं वाटतं. मधल्या जागेचं काय, ते कुणी विचारत नाही. पार्किंगमध्ये कुणी गाडी लावली तर मात्र ती जागा कुणाची यावरून आपण पोलीस बोलावण्यापर्यंत जातो.

पाण्याचं काय, हा प्रश्न मात्र मला लहानपणापासून ऐकायची सवय आहे. माझं माहेर धुळे जिल्ह्यातलं, पांझरेच्या काठचं. आमच्याकडे फडाची शेती. फड म्हणजे नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि एकेका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं. काही शतकं जुनी ही पद्धत, सरकारनं नाही, शेतकऱ्यांनी चालवलेली. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या, पण पाटाचा गाळ काढायला ज्याची जमीन त्यानं यायचंच. आजारी असेल तर घरातला दुसरा माणूस पाठवायचा. वडील आम्हाला बांधावर नेत आणि एखाद्या शेतातून पाणी बाहेर पडताना दिसलं की थांबून विचारत, "ते पानी कथा जाई?" म्हणजे ते पाणी कुठे जाईल? उत्तर आम्हालाच शोधायला लावत. पाण्यामागं चालत जायचं. कधी ते खालच्या शेतातल्या कांद्यात शिरलेलं असे. मग वडील त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन सांगून येत आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फावडं घेऊन जात.

पांझरा तापीला मिळते. तापी उकाईवरून सुरतेत येते. म्हणजे माहेरचं पाणी माझ्या पाठोपाठ इथं आलं, आमची माणसं आली, पण ती फावडं घेऊन जायची रीत भुसावळच्या गाडीतून उतरताना कुठेतरी राहून गेली.

गोडादऱ्यातलं पाणी कुठं जातं ते मला शोधावं लागलं नाही. माझी धाकटी बहीण लिंबायतला राहते, मीठी खाडीच्या अंगाला. मेहुणे लूमच्या खात्यावर, म्हणजे कारखान्यात, होते, दोन खोल्यांचं घर, पुढं ओटा. २०२४ च्या जुलैमध्ये पाणी ओट्यापर्यंत आलं. २०२५ च्या जूनमध्ये, पावसाळ्याची सुरुवात होते न होते तोच, ते घरात शिरलं. तिनं गव्हाची कोठी पलंगावर चढवली, पलंगाखाली विटा लावल्या आणि सासूबाईंना शेजारच्या वरच्या मजल्यावर नेलं. पाणी उतरल्यावर मी गेले तेव्हा भिंतीवर गुडघ्याच्या वर एक सरळ तपकिरी रेघ होती, कुणी पट्टीनं आखल्यासारखी. भिंतीवर तिच्या नातवाचा बाराखडीचा तक्ता होता. त्याच्या खालच्या दोन ओळी लगदा होऊन गळून पडल्या होत्या. मी आयुष्यभर ज्या ओळी फळ्यावर लिहिल्या, त्या.

सुरतेबाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. इथं पूर दोन तऱ्हेचा असतो. तापीचा पूर उकाईहून येतो. ऑगस्ट २००६ मध्ये आला तेव्हा धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि शहराचा फार मोठा भाग बुडाला. त्या पुरापुढे आमचा चेंबर म्हणजे काहीच नाही, हे मी मान्य करते. दुसरा खाडीचा पूर. मीठी, भेदवाड, कोयली, काकरा या खाड्या शहराच्या पूर्व-दक्षिण अंगानं वाहतात, आणि त्यांचा पूर धरणातून येत नाही, पावसातून येतो. त्यातला बराच पाऊस पलसाण्याच्या बाजूच्या शेतांवर पडलेला असतो, समुद्राला भरती असली की खाडी उलट तुंबते, हेही खरं. पण उरलेलं पाणी आपल्या गच्च्यांवरचं, पार्किंगमधलं, पेव्हर ब्लॉकवरचं असतं. गोडादरा, पर्वत पाटिया, पुणागाम इथं एके काळी शेतं होती. काळ्या मातीच्या शेतात पाणी सावकाश मुरतं, पण बांधाआड थांबतं. काँक्रीटवर ते थांबतही नाही. शिवाय नवी सोसायटी झाली की तिचा भराव जुन्या वस्तीपेक्षा दोन-तीन फूट वर असतो. वरचा कोरडा राहतो आणि खालचा बुडतो. आम्ही वरचे आहोत.

हिशेब अवघड नाही, चौथीच्या मुलांकडून मी करून घेतला असता. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. आमचा प्लॉट साधारण चार हजार चौरस मीटरचा. दिवसात शंभर मिलिमीटर पडला, आणि सुरतेत जुलैत एखाद्या दिवशी तेवढा पडतोच, तर चार लाख लिटर. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. आमच्या फाटकातून एका दिवसात चाळीस टँकर बाहेर रिकामे होतात आणि उतारानं निघतात. आमच्या रस्त्यावर अशा अकरा सोसायट्या आहेत. बहिणीच्या घरात शिरलेल्या पाण्यात आमचं किती होतं हे कुणी मोजू शकणार नाही. पण काहीच नव्हतं असं मी तिच्या तोंडावर म्हणू शकत नाही.

त्या मिटिंगनंतर आम्ही पहिला चेंबर नीट साफ केला. त्यात तीन कप्पे निघाले. पहिल्यात गाळ खाली बसायचा, दुसऱ्यात मोठी खडी, बारीक खडी आणि वर जाड रेती, तिसऱ्यात बोअरचा पाइप. साफ करण्याआधी आम्ही पाच हजार लिटरचा टँकर मागवून गच्चीच्या पाइपात सोडून पाहिला. चेंबर भरून वाहायला लागला आणि संध्याकाळी गेलो तरी तसाच भरलेला. मग वरची सहा इंच रेती काढून फेकली, नवी आणली, खडी बाहेर काढून पोत्यावर पसरून धुतली, बोअरमध्ये कॉम्प्रेसरनं हवा मारून घेतली. पुन्हा टँकर. या वेळी पाणी अर्ध्या तासात नाहीसं झालं. शेजारच्या भाभी घड्याळ धरून उभ्या होत्या. पाइपाच्या तोंडातून खाली पाणी उतरताना एक खोल आवाज येतो, कुणी घटाघटा पाणी प्यावं तसा. मुलं तो ऐकायला ओळीनं वाकून गेली.

खर्च आला तो घरटी दोनशे रुपयांच्या आत. दिवाळीच्या लाइटिंगला आम्ही याच्यापेक्षा जास्त देतो.

या कामात दोन चुका सगळीकडे होतात, त्या सांगते. एक म्हणजे पार्किंगचं पाणी बोअरमध्ये सोडणं. त्यात गाड्यांचं तेल असतं, फिनेल असतं, कुत्र्यामांजराची घाण असते. बोअर ते सगळं सरळ भूजलात पोचवतो आणि तेच पाणी कुणीतरी दुसऱ्या बोअरनं उपसून पितं. बोअरमध्ये फक्त गच्चीचं पाणी जावं, आणि तेही पहिल्या एक-दोन पावसांचं सोडून देऊन. पार्किंगचं पाणी गाळाच्या चेंबरमधून पावसाळी लाइनला. दुसरी चूक जास्त वाईट. पाणी तुंबलं की कुणीतरी रस्त्यावरचं ड्रेनेजचं झाकण उचलून देतो. आवार पाच मिनिटांत रिकामं होतं, आणि मैल्याच्या लाइनीत न मावणारं पाणी खालच्या वस्तीतल्या संडासांतून उलटं वर येतं. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत डॉ. दीपक अमरापूरकर अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. झाकण उघडणाऱ्याचा हेतू पाणी काढायचाच असतो. तरीही ते झाकण उघडायचा हक्क आपल्याला नाही.

आणि तुंबलेलं पाणी म्हणजे नुसती गैरसोय नाही, हे सुरतेला कुणी शिकवायला नको. १९९४ च्या पावसाळ्यात पाणी साचलं, कचरा कुजला, आणि सप्टेंबरमध्ये प्लेगची साथ आली. लाखो माणसं शहर सोडून पळाली. तापी लाइनच्या गाड्यांना लोंबकळून आमची किती माणसं खानदेशात परतली. नंतर १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि दोन वर्षांत शहराचं रूप पालटलं, ही गोष्ट अभिमानानं सांगितली जाते आणि सांगायलाच हवी. पण त्या गोष्टीतून आपण एवढंच उचललं की एक चांगला अधिकारी आला की शहर सुधारतं. त्या वेळी दुकानदारानं दुकानापुढचा कचरा उचलला नाही तर त्यालाच दंड बसायचा, हे आपण विसरलो. लेप्टोस्पायरोसिस तर दक्षिण गुजरातेत दर पावसाळ्याला येतो. बहिणीकडे पाणी उतरल्यावर त्याच्या गोळ्या वाटायला आरोग्य खात्याची माणसं घरोघर फिरत होती.

महापालिकेकडे माझी मागणी आहे, आणि ती साधी आहे. मोठ्या भूखंडावर इमारत बांधताना पाझर विहीर नियमानं करावीच लागते. ती केली तर बीयू, म्हणजे इमारत वापराची परवानगी मिळते. त्यानंतर ती विहीर चालू आहे की बुजली, हे पाहायला कुणी येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पाणी साठवण्याची जनभागीदारी मोहीम सुरतेतूनच सुरू झाली. गुजरातभर चोवीस हजार आठशे पुनर्भरणाची कामं त्यात करायची ठरली. केंद्रातले जलशक्ती मंत्री मूळचे आमच्या खानदेशातले, खासदार इथलेच. चांगली गोष्ट आहे. पण बोअर मारण्याचा एक दिवस असतो, फोटो असतो, आणि त्या बोअरची रेती धुवायचे पुढे वीस पावसाळे असतात. त्या वीस पावसाळ्यांचा हिशेब कुणी तरी ठेवायला हवा. २४ मे २०१९ ला तक्षशिला इमारतीच्या आगीत बावीस मुलं गेली, तेव्हापासून या शहरात अग्निसुरक्षेच्या परवानगीची विचारणा होते, आग विझवायच्या सिलिंडरवरची तारीख आम्ही वाचतो. पाण्यासाठी तेवढी किंमत मोजण्याची वाट पाहू नये. दरवर्षी ३१ मेच्या आत सोसायटीनं चेंबर साफ केल्याचा दाखला झोन ऑफिसला द्यावा, त्यांनी दहातल्या एखाद्या सोसायटीत येऊन झाकण उघडून पाहावं. न करणाऱ्याच्या वेऱ्यात खर्च लावावा. जर्मनीतल्या शहरांत आवारातली जेवढी जमीन फरशीखाली झाकली तेवढा पावसाच्या पाण्याचा आकार घरमालकाला भरावा लागतो, आणि मुरवायची सोय केली तर तो कमी होतो. आपल्याकडे लगेच तसं व्हावं असं मी म्हणत नाही. झाकण उघडून पाहायला मात्र कुणाच्या धोरणाची गरज नाही.

नवं घर घेणाऱ्यांनी एक करावं. ताबा घेताना चेंबर, बोअर, पावसाळी लाइन यांचा नकाशा बिल्डरकडून लेखी घ्यावा आणि पाणी सोडून तपासावं. रेरा कायद्यात ताब्यापासून पाच वर्षांत असा दोष निघाला तर तो बिल्डरनं फुकट दुरुस्त करायचा असतो. आमच्या तिसऱ्या चेंबरला बाहेर जायचा पाइपच जोडलेला नसावा असा आमच्या प्लंबरचा अंदाज आहे. आमची पाच वर्षं कधीच उलटली, कारण पाच वर्षांत आम्ही कुणी बघितलंच नाही.

आणखी एक, आणि याबाबत मी मिटिंगमध्ये आवाज चढवला होता. कुणीतरी सुचवलं की नाक्यावरून एखादा माणूस आणू, पाचशे देऊ, तो आत उतरून काढेल. खोल आणि बंद राहिलेल्या खड्ड्यात वायू असतो. गटारात, टाकीत माणसाला असं उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि आमच्या पावसाच्या चेंबरला कुणी बाथरूमचा पाइप जोडला असेल तर आत काय साठलंय हे उतरणाऱ्याला आधी कळणार नाही. आमचे चेंबर कमरेइतके खोल. आम्ही झाकणं एक दिवस उघडी ठेवली, भोवती दोरी बांधली, रात्री वॉचमनला तिथंच बसवलं, आणि वरूनच लांब दांड्याच्या फावड्यानं गाळ काढला. ज्यांच्याकडे खोल टाकी आहे त्यांनी मशीन मागवावं. पैसे लागतील. लागू देत.

दुसऱ्या चेंबरच्या वेळी एक काका, जे मिटिंगमध्ये सगळ्यात जास्त विरोधात होते, स्वतःहून खाली आले. मूळचे सौराष्ट्रातले, तिथं विहिरी भरायच्या चळवळीत त्यांनी तरुणपणी श्रमदान केलेलं. मला म्हणाले, "गाममां तो अमे करता हता, बेन. अहीं कोईए कह्युं ज नहीं." गावी आम्ही करायचो, इथं कुणी सांगितलंच नाही. आम्ही दोघांनी मिळून खडी धुतली.

धागे कटिंग करणाऱ्या बायकांना मी एक पोतं दिलंय, जिन्याखाली टांगलेलं. चिंधी त्यात. पंधरा दिवसांत ते गच्च भरतं.

तिसऱ्या चेंबरवरची फरशी फोडायची आहे. ती बसवणाऱ्या घरानं हरकत घेतली आहे, कारण त्यावर त्यांची स्कूटर उभी राहते. येत्या रविवारी सकाळी दहाला मिटिंग आहे, विषयपत्रिकेवर तो पहिला विषय मी लिहिला आहे. बहिणीला बोलावलंय. ती सभासद नाही, बोलू शकणार नाही, पण मागच्या खुर्चीवर बसेल. लिंबायतच्या भिंतीचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये आहे.